ऑकलंडचे सोळा तास

गुणाजी बसवर कंडक्टर होता तेव्हा त्याने कुणालाही कधी वेळ सांगितली नाही. माजिवड्याला बस अडकली आणि एखादी बाई काकुळतीला येऊन "किती वेळ लागेल हो?" म्हणाली, की याचं उत्तर ठरलेलं. "पोचेल तेव्हा पोचेल." बायको नंदा त्यावरून त्याला आयुष्यभर टोमणे मारत आली.

आता ती दिवा गावातल्या घरात खाटेवर शेवटच्या घटका मोजत होती. कॅन्सर हाडांत उतरलेला. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि दुखणं थांबवायला इंजेक्शनं लिहून दिली होती. एकदा टोचलं की ती गाढ झोपायची, हाका मारल्या तरी उठायची नाही.

दुपारी चारला ऑकलंडहून लेकीचा, समीक्षाचा, मेसेज आला. विमानात बसले.

"किती वेळ लागतो?" नंदाने विचारलं. "आज तरी नीट सांगा हो."

गुणाजीने मोबाइलवर शोधलं. मुंबई ते ऑकलंड, बारा हजार तीनशे किलोमीटर, विमानाने सोळा तास. आयुष्यात पहिल्यांदा त्याने छातीठोकपणे वेळ सांगितली. "सकाळी आठला मुंबईत. दहाला तुझ्यासमोर."

"मग तोवर सुई नको. मला तिला डोळे उघडे ठेवून बघायचंय."

नर्स शुभदा दोनदा आली, दोनदा परत गेली. रात्रभर नंदाने उशीचा कोपरा दातांत धरला. गुणाजीला बघवत नव्हतं, पण सकाळ झाली की सगळं सार्थकी लागेल, एवढ्याच आशेवर तो बसून राहिला.

दहा वाजून गेले. त्याने जिन्यात जाऊन फोन लावला.

"बाबा, मी सिंगापूरला आहे. तुम्हाला रात्री उठवायला नको म्हणून फोन नाही केला. इथलं विमान आत्ता सुटतंय, संध्याकाळी पोचते. आई कशीय?"

"सिंगापूर? सोळा तासच होते ना गं?"

"ते सरळ गेलं तर. सरळ विमानच नाहीये ओ बाबा. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मोबाइलने नुसतं अंतर मोजून विमानाच्या वेगाने भागलं होतं. थांबा, बदली, खोळंबा, काही धरलंच नव्हतं. आणि फसला कोण, तर जन्मभर थांब्याथांब्यावर घंटी मारणारा माणूस! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

आत आल्यावर नंदाने नुसती भुवई उंचावली.

"उतरली गं. शीळफाट्याला अडकलीय. केवढं ट्रॅफिक आहे..." तो उगाच तिची चादर सारखी करू लागला.

नंदा त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"राहू दे," ती कशीबशी म्हणाली. "पोचेल तेव्हा पोचेल. शुभदाला बोलवा."

संध्याकाळी समीक्षा बॅग दारातच टाकून आत धावली. नंदा दुपारीच गेली होती, झोपेत.

बऱ्याच वेळाने समीक्षाने डोळे पुसले. "मी निघालेय हे तिला सांगितलेलं ना, बाबा?"

"सांगितलेलं," गुणाजी म्हणाला. "वेळसुद्धा सांगितलेली."