सवलतीचं कारण

इंदिरानगरच्या डॉ. रंगनाथ थेट्यांचा हात दातांच्या बाबतीत अत्यंत स्थिर होता. अक्कलदाढ कितीही आडवी आलेली असो, हात हलायचा नाही. पेशंट खुर्चीतून उठून "डॉक्टर, किती झाले?" असं विचारायचा, तेव्हा मात्र डॉक्टरांना घाम फुटायचा. ते हातमोजे काढण्यात गुंग व्हायचे, खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबाकडे बघायचे आणि शेवटी गुन्हा कबूल केल्यासारखं पुटपुटायचे, "राहू द्या हो. बघू नंतर." पेशंट शब्दाला पक्के. ते खरोखरच नंतर बघायचे.

अशी वीसेक वर्षं काढल्यावर प्रतिभाताईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या सौभाग्यवतींनी, काउंटरवर बिलं करणारं सॉफ्टवेअर बसवून घेतलं. त्या सॉफ्टवेअरचा मोठा गुण असा की त्याला लाज नव्हती. डॉक्टरांनी उपचार संपल्याची नोंद केली की बिल आपोआप तयार व्हायचं आणि पेशंटच्या व्हॉट्सॲपवर जायचं. वर एका हसऱ्या दाढेचं चित्र. तीन दिवसांत पैसे आले नाहीत तर आठवण जायची. आठवड्याने दुसरी आठवण जायची, त्यातली दाढ हसत नसे.

सवलत द्यायची सोय होती, पण सवलतीला कारण निवडावं लागे. सुरुवातीला कारणांच्या यादीत मित्र, नातेवाईक, शेजारी वगैरे मंडळी होती. पहिल्याच महिन्यात अर्धं नाशिक डॉक्टरांचं मित्र निघालं आणि उरलेलं शेजारी. प्रतिभाताईंनी एका दुपारी बसून यादी छाटली. दोनच कारणं शिल्लक ठेवली. ज्येष्ठ नागरिक, दहा टक्के. निराधार, शंभर टक्के.

"आता करा माफ," त्या म्हणाल्या. "निराधार माणूस शोधायला तुम्हाला निदान घराबाहेर तरी पडावं लागेल."

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर वेदिकाचं लग्न ठरलं.

वेदिका ही थेट्यांची एकुलती एक. मुलगा सिन्नरच्या गुंजाळांचा हर्षल. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, त्यामुळे मोठ्यांकडे फक्त नकार देण्याचं काम उरलं होतं. ते काम गुंजाळांकडून करू शकेल अशी एकच व्यक्ती होती, हर्षलची आई सगुणाबाई. बाईंनी कोथिंबिरीच्या जुड्यांपासून सुरुवात करून आता एमआयडीसीच्या रस्त्याला गोदाम आणि भाजीपाल्याच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. गुंजाळ नावाचे एक गृहस्थही त्या घरात होते, पण त्यांचा उपयोग सहीपुरता.

बोलणी थेट्यांच्या घरी झाली. सगळं गोड झालं, फक्त तारीख ठरायची राहिली. कारण तारखेचा विषय निघाला तेव्हाच सगुणाबाईंनी प्रतिभाताईंच्या हातचा डिंकाचा लाडू तोंडात घातला आणि त्यात खारकेची एक बी राहिली होती. 'कट्' असा आवाज दिवाणखान्यात सगळ्यांनी ऐकला. मुलीकडच्यांनी मुलाच्या आईचा दात मोडल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

अर्थात उपचार डॉक्टरांनीच केले. रूट कॅनॉल झालं, वर कॅप बसली. शेवटच्या दिवशी सगुणाबाईंनी पर्स उघडून रीतीप्रमाणे विचारलं, "किती झालं, डॉक्टर?"

डॉक्टर आयुष्यात प्रथमच या प्रश्नाला ताठ मानेने सामोरे गेले. "विहीणबाई, मुलीच्या सासरकडून पैसे घेऊ का मी? शोभेल का?"

सगुणाबाईंनी रीतीप्रमाणे पर्स मिटली आणि गाडीत बसून त्या सिन्नरला निघाल्या.

काउंटरवर पूजा बसलेली होती. ती म्हणाली, "सर, बिल साडेनऊ हजाराचं झालंय."

"शून्य कर."

"कारण मागतंय."

"काहीतरी टाक ना गं. तो माणूस केव्हाचा गाल धरून उभाय."

"कारण टाकल्याशिवाय पुढचा पेशंटच घेत नाही, सर. दोनच आहेत. ज्येष्ठ नागरिक टाकू?"

डॉक्टर दचकले. "वेडी आहेस का? बाईंना म्हाताऱ्या म्हणायचं? लग्न मोडेल अशानं!"

"मग एकच राहिलं."

"टाक तेच," डॉक्टर म्हणाले आणि गाल धरलेल्या माणसाला आत घेऊन गेले.

सगुणाबाईंची गाडी शिंद्याच्या टोलनाक्यावर होती तेव्हा फोन वाजला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी फोन ड्रायव्हरकडे, म्हणजे आपल्या पुतण्याकडे दिला. पुतण्याने खणखणीत आवाजात वाचलं, "प्रिय सगुणाबाई गुंजाळ, आपले एकूण बिल नऊ हजार पाचशे. सवलत शंभर टक्के. सवलतीचं कारण, निराधार. हसत राहा."

मग पुतण्याने विचारलं, "काकू, निराधार म्हणजे ते पेन्शन मिळते ते ना? आपल्याला कधीपासून?"

पोरगा हुशार होता. त्याने ते बिल लगोलग भावकीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली विचारलं, 'हे खरं आहे का?' सिन्नर येईपर्यंत भावकीतल्या तिघांनी काळजीने फोन केले, आणि एका दिराने, पूर्वी उसने घेतलेले पैसे परत द्यायला थोडा उशीर होईल, तेवढं समजून घ्यावं, असं लिहिलं.

संध्याकाळी हर्षलचा वेदिकाला फोन आला.

"आई जेवली नाही."

"दात दुखतोय का?"

"दात एकदम मस्त आहे. तीच तर काळजी आहे. दुसरं कारण उरलंच नाही." मग तो हळूच म्हणाला, "ती म्हणते, असल्या घरात सोयरीक करायची का, याचा विचार करावा लागेल. दुसऱ्यांदा म्हणाली. आई दुसऱ्यांदा म्हणाली की ते होतंच, वेदिका."

वेदिकाने फोन ठेवून वडिलांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांना जेवण गेलं नाही. एका बोटाच्या दाबाने आपण पोरीचं लग्न उपटलंय, आणि तेही भूल न देता, हे त्यांना कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्रात फोन लावला. तिकडे साई नावाचा अतिशय नम्र मुलगा होता.

"सर, बिल डिलीट होत नाही. रद्द होतं."

"मग रद्द करा, बाबा!"

"करतो ना सर. पेशंटच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय. तेवढा विचारून सांगा."

डॉक्टरांनी धीर गोळा केला आणि सिन्नरला फोन लावला. "विहीणबाई, नमस्कार. तुमच्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल. तेवढा सांगता का?"

सगुणाबाई म्हणाल्या, "आवं डॉक्टर, बँकवाल्या साहेबांनी सांगितलंय, असं कुणी विचारलं की फोन ठेवायचा." आणि त्यांनी ठेवला.

"नाही देत," डॉक्टर साईला म्हणाले. "दुसरा मार्ग सांग."

"ओटीपी न लागणारं कारण एकच आहे, सर. 'पेशंट मयत.' त्यात बिल पूर्ण निघून जातं."

"पण मेसेज?"

"मयत माणसाला मेसेज कसा जाईल, सर?"

हा युक्तिवाद डॉक्टरांना पटला. ते शास्त्र शिकलेले होते. त्यांनी पूजाला खूण केली, पूजाने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

मयत माणसाला मेसेज गेला नाही, हे साईचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. तो नोंदीत नंबर असलेल्या जवळच्या नातेवाइकाला गेला. गोदामात हर्षलच्या फोनवर हात जोडलेली दाढ उमटली. 'आपल्या मातोश्री सगुणाबाई यांच्या दुःखद निधनात आम्ही सहभागी आहोत. त्यांच्या नावे कोणतीही रक्कम येणे नाही.' मातोश्री त्या वेळी समोर उभ्या राहून हमालाला फ्लॉवरच्या गोण्या कशा लावाव्यात हे समजावत होत्या. त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "आता काय म्हणतोय तुझा सासरा?"

पुढच्या तासाभरात त्या नाशकात होत्या. अंगावर जरीची साडी, हातात पाटल्या आणि बांगड्या, गळ्यात घरातलं होतं नव्हतं तेवढं सोनं. आपण निराधार नाही याचा पुरावा त्या अंगावर घालून आल्या होत्या. पूजा धडपडत उठली. "काकू, या ना, थेट आत चला."

"नाही बाई. मी नंबरानं बसते. मेलेल्या माणसाला कसली घाई?"

शेजारी बसलेले आजोबा अदबीने जरा सरकून बसले.

निरोप गेला तशा प्रतिभाताई आल्या, मागोमाग वेदिका आली. डॉक्टर आतून हातमोज्यांसकट बाहेर आले आणि त्यांनी तसेच हात जोडले.

"विहीणबाई, चूक झाली. मशिनची..."

"मशिनची गोष्ट करू नका. मशिनला काय माहीत मी कोण ते? बटण माणसानंच दाबलं ना?" सगुणाबाईंनी पर्स मांडीवर ठेवली. "मी कालपासून एकाच गोष्टीचा विचार करतेय. ही माणसं मला हिणवतात, का येडी हायेत? हिणवत असतील तर सोयरीक नाय. आणि येडी असतील तर त्याचापण विचार करावा लागंल. येड्याची पोरगी घरात आणली, तर ती माझं गोदाम वाटून मोकळी व्हायची. आता माझं बिल फाडा. पुरं."

"पण तुमच्याकडून पैसे म्हणजे... लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मला भावकीच्या ग्रुपवर रोज वाचायला मिळतंय."

प्रतिभाताई मध्ये पडल्या. "ताई, हिणवायची यांची पात्रता नाही हो. हे कुणाकडूनच पैसे घेत नाहीत. म्हणून तर मी यादी छाटली..."

एवढ्यात आतून यादव निमसे बाहेर आले. यादवरावांचे कॉलेज रोडला दोन गाळे होते आणि तोंडात आत्ताच भरलेली दाढ होती. गाल चोळत ते दाराकडे निघाले आणि जाता जाता म्हणाले, "येतो डॉक्टर. तेवढं बघू मग."

आणि डॉक्टर, डोक्यावर एवढं आभाळ कोसळलेलं असताना, समोर ही बाई बसलेली असताना, वीस वर्षांच्या सवयीने हसून म्हणाले, "हो हो, राहू द्या."

सगुणाबाईंच्या भुवया वर गेल्या. एखाद्याला भर बाजारात पिकलेल्या टोमॅटोची पाटी गटारात ओतताना बघावं, तसं त्या डॉक्टरांकडे बघत राहिल्या. हिणवणारी माणसं नव्हेत, हे त्यांना कळलं. पण त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी वाढलीच. त्यांनी पर्स उचलली आणि उठायला खुर्चीचा हात धरला.

"यादवकाका," वेदिका म्हणाली.

ती दारात जाऊन उभी राहिली होती. आवाज गोड होता, पण वाट पूर्ण अडलेली होती.

"काय गं बेटा?"

"स्कॅनर इकडे आहे, काका."

"अगं, डॉक्टर म्हणाले ना..."

"पप्पा दातांचं बघतात. आजचे अठराशे, आणि गेल्या वेळचे चौदाशे. गाळ्याचं भाडं थांबलं तर तुम्ही भाडेकरूला 'बघू मग' म्हणू देता का हो?"

यादवरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर विजेच्या खांबाकडे बघत होते. यादवरावांनी फोन काढला, स्कॅनरसमोर धरला, आणि काउंटरवरच्या डबीने पैसे आल्याचं मोठ्या आवाजात सांगितलं.

सगुणाबाई पुन्हा खाली बसल्या.

वेदिका वळली. आपण आत्ता काय बोलणार आहोत आणि त्यावर काय अवलंबून आहे, हे तिला नीट ठाऊक होतं. "आणि काकू, तुमचे साडेनऊ हजार."

"वेदिका!" डॉक्टर ओरडले.

"तुम्ही गप ऱ्हा, डॉक्टर," सगुणाबाई म्हणाल्या. मग पोरीकडे रोखून पाहत त्यांनी विचारलं, "काही कमी व्हायचं नाय?"

"नाही."

"मी तुझी सासू होणार हाय."

"म्हणून चहा फुकट आहे, काकू. कॅपचे पैसे लॅबवाल्याला द्यावे लागतात."

"दोनशे तरी?"

"कारण लागतं," वेदिका म्हणाली. "ज्येष्ठ नागरिक टाकू?"

पूजाने डोळे मिटले. वाट बघत बसलेल्या आजोबांनी जपमाळ ओढायला घेतली. सगुणाबाई मात्र हसल्या, नवीन कॅपसकट. एवढ्या हसल्या की पाटल्या वाजल्या.

पैसे त्यांनी पूर्ण दिले. म्हणजे द्यायला गेल्या, तर सॉफ्टवेअरने मयत व्यक्तीकडून रक्कम स्वीकारायला नकार दिला. मग पूजाने त्यांची नव्याने नोंद केली. 'दातांचा पूर्वेतिहास?' या रकान्यापाशी ती थांबली, तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "लिही, मागच्या जन्मी लाडू खाल्ला होता." बिल आलं, पैसे जमा झाले, हसरी दाढ पुन्हा उगवली. सगुणाबाईंनी ते हर्षलला पाठवलं आणि हर्षलला फोन करून भावकीच्या ग्रुपवर टाकायला लावलं. ते सगळ्यांनी वाचलंय अशी खात्री होईपर्यंत त्या चहा पीत बसून राहिल्या. ज्या दिराला उशीर होणार होता, त्याला त्यांनी तिथूनच एक वेगळा मेसेज केला.

निघताना प्रतिभाताई त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेल्या. डॉक्टरही मागोमाग गेले, पण दोन पावलं अंतर ठेवून.

"तारीख माघातली धरा," सगुणाबाई खिडकीची काच खाली करून म्हणाल्या. "आणि सोमवारी येवल्याला पैठण्या घ्यायला जाऊ. तुम्ही, मी आणि वेदिका. भाव ती करंल." त्यांनी डॉक्टरांकडे एक नजर टाकली. "ह्यांना आणू नका."