बिननावाचे कागद

मद्रासमधल्या मैलापूरच्या शाळेत शिकवता शिकवता तुळजा मानसशास्त्राची पदविका करत होती. १९६२ साली पदविकेच्या प्रबंधासाठी तिने दोन शाळांतल्या बारा आणि सोळा वर्षांच्या दीडशे मुलामुलींकडून एक तमिळ प्रश्नावली भरून घेतली. ‘मला चटकन राग येतो’, ‘मला भीती वाटते’, अशी तीस साधी वाक्यं. पुढे हो किंवा नाही लिहायचं.

रविवारी ओट्यावर बसून तिने कागद लावले. बारा वर्षांच्या मुली मुलग्यांइतक्याच धीट निघाल्या, काही तर वरचढ. सोळाच्या मुली मात्र एकजात शांत, कधीच न रागावणाऱ्या. आणि सोळाचे मुलगे कशालाच न भिणारे.

तिचे मार्गदर्शक शेषगिरी सर यांनी तक्ता पाहून मान डोलावली. “वाढत्या वयात मुली मऊ होतात, मुलगे कणखर. स्वभावच तो. लिहून टाका.”

तुळजाचा हात काही चालेना. सोळाच्या गठ्ठ्यात तिच्या धाकट्या बहिणीचा, विद्युलतेचाही कागद होता. रागापुढे ठसठशीत ‘नाही’. आणि त्याच आठवड्यात या बाईसाहेबांनी कॉफीचा पेला भिंतीवर आपटला होता!

“खोटं का गं लिहिलंस?”

वेणी घालता घालता विद्युलता थांबली. “वर नाव लिहायचं होतं की, अक्का. तुमच्या मोठ्या बाई वाचणार, अम्मांना सांगणार. मग माझं काय?”

सोमवारी तुळजाने दोन्ही शाळांतल्या सोळाच्या वर्गांत तेच कागद पुन्हा वाटले. “फक्त मुलगा की मुलगी ते लिहा. नाव नको.” पेनं भराभर चालू लागली.

निम्म्याहून जास्त मुलींना राग येत होता. मुलग्यांचे कागद तर तिने दोनदा मोजले. भीतीपुढे एकोणीस जणांनी ‘हो’ लिहिलं होतं. एकाने खाली बारीक अक्षरात जोडलं होतं, ‘रोज.’

सरांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले. “म्हणजे पहिला चुकीचा?”

“नाही सर. नाव लावून मुलं कशी वागतात, ते त्यात आहे. फरक तिथेही खराच आहे. पण सगळाच स्वभावाचा नाही.”

सरांनी चष्मा पुसला. “दोन्ही जोडा. निष्कर्ष मात्र तुमच्या जबाबदारीवर.”

परीक्षकांना तो धीटपणा फारसा रुचला नाही; तुळजाला दुसरा वर्ग मिळाला. पण पुढल्या जूनमध्ये सरांचं पत्र आलं. नव्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली कशी घ्यावी हे शिकवायला त्यांना तुळजाच हवी होती.