फूटभर बुटका गोलपोस्ट

मित्रांनो, मी एक जुना गोलपोस्ट आहे. रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्यामागच्या मैदानावर उभा आहे. आज मला माझ्याविषयी थोडं आणि यशदीपविषयी जास्त सांगायचं आहे, कारण काल तो इथे शेवटचा सामना खेळला.

माझा जन्म सिलतऱ्याचा. तिथल्या कारखान्यातले वेल्डर धर्मपालकाका यांनी पाइप आणून मला आणि समोरच्या माझ्या भावाला जोडलं. नियमाप्रमाणे उभे खांब मोजून आठ फुटांचे कापले, मग खड्डे खणून आम्हाला पक्कं गाडलं.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. यशदीप अनवाणी खेळायला यायचा. त्याचे कितीतरी चेंडू माझ्या आडव्या दांड्याला लागून परत फिरत. कुंपणापाशी बसलेली त्याची आई कांताबाई मलाच रागवायची, "हा मेला दांडाच मधात येते!" इतर मुलं अशा वेळी मला लाथ मारत. यशदीप क्षणभर थांबून दांड्याकडे बघायचा आणि पुढचा चेंडू जरा खालून मारायचा. हळूहळू त्याचा फटका जमिनीलगत, अचूक कोपऱ्यात जाऊ लागला. त्याच फटक्यावर तो राज्याच्या संघात गेला. परत आला की आधी माझ्या खांबावर हात ठेवायचा. लोखंडाला हाताची ऊब लवकर पोचते.

काल निरोपाच्या सामन्याआधी तरुण पंच स्वानंद यांनी मला टेप लावली आणि ते ओरडले, "अरे काका, ये तो फूटभर कम है!"

धर्मपालकाका खाली बसून माझ्या खांबाचा पाय चाचपू लागले. खांब कापताना जमिनीत जाणारा फूट त्यांनी धरलाच नव्हता. "बापू, तुझे किती गोल खाल्ले रे मी!" ते यशदीपला म्हणाले.

बुटाची नाडी बांधता बांधता यशदीप हसला. "काका, मले त पहिल्याच ट्रायलले समजलं. तिथला गोल पाहून वाटलं, कोणी दरवाजाच मोठा करून ठेवला का!"

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी लगेच उपटून उंच केला असता. तिथले गोलकीपर वर उड्या मारून राहिले होते, अन् माझा बॉल खालून जाऊन राहिला होता. कायले सांगू?"

"अन् मी या बिचाऱ्याले इतक्या शिव्या देल्या!" कांताबाई म्हणाली.

मग सामना झाला. यशदीपने शेवटचा गोल माझ्यातच केला, जमिनीलगत.

आता मोठ्या सामन्यांसाठी नवे गोलपोस्ट येणार आणि आम्हा भावांना लहान मुलांच्या बाजूला हलवणार. काका आमचे पाय वाढवायला वेल्डिंग मशीन आणायला निघाले, तेव्हा यशदीपने त्यांचा हात धरला. "पहिल्यासारखेच फूटभर गाडा, काका. पोट्ट्यांले खालून मारता आलं पाहिजे."

मित्रांनो, तुम्हीही तिथे खेळायला याल. माझ्या दांड्याला लोंबकळू नका. पावसाळ्याआधी रंगाचा एक हात द्या. खांब मातीत शिरतो तिथे गंज आधी धरतो, तिथे जरा जास्त लावा. आणि चेंडू मला लागून परत आला, तर लाथ मारण्याआधी क्षणभर थांबा. यशदीप थांबायचा.