काचेमागची बनी

वडूजच्या पेठेत फरीदाचं बांगड्यांचं दुकान होतं. चैत्रातली दुपार, गिऱ्हाईक नाही. ती दाराशी बसून वारा घेत होती, तेवढ्यात समोरच्या भिंतीच्या सावलीला एक काळी मोटार येऊन थांबली. लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी मोटार म्हटलं की अजून अख्खी पेठ माना वळवायची.

आतून एक मिशाळ गडी उतरला, मागोमाग त्याची बायको. गड्यानं काचा वर केल्या, दारं किल्लीनं बंद केली आणि दोघं बोळात शिरली. फरीदाला वाटलं, मोटार रिकामी आहे. पण पुढच्या बाकावरून तीन-साडेतीन वर्षांची एक पोर काचेला नाक लावून बाहेर बघायला लागली.

"आगं बया, लेकराला कोंडून गेली की!" फरीदा स्वतःशीच म्हणाली.

तिला राहवेना. ती काचेजवळ गेली. पोरीनं काचेवर फुंकर मारून बोटानं रेघ ओढली. फरीदानं हात हलवून बांगड्या वाजवल्या, तशी पोर खुदकन हसली. अशी गुटगुटीत, नव्या परकरातली पोर. हिला टाकून आईबाप गेले तरी कुठं? बाजार म्हणावा तर बोळात दुकान नाही. कुणाकडं पाहुणे म्हणावं, तर पोरीला आधी न्यायची सोडून?

एक गिऱ्हाईक आलं म्हणून ती परतली. बांगड्या भरून झाल्या आणि तिनं पुन्हा पाहिलं, तर सावली सरकली होती. मोटारीच्या टपावर ऊन पसरलं होतं. पोर रडत होती, पण आवाज बाहेर येत नव्हता. नुसतं उघडं तोंड दिसत होतं. केस कपाळाला चिकटलेले. फरीदानं दार ओढलं आणि चटका बसून हात मागं घेतला.

शेजारचा कोंडीबा शिंपी मशीन थांबवून आला. आणखी चारजण जमले.

"ती दोघं कुणाकडं गेल्यात?" फरीदानं विचारलं.

"मनुबाईच्या घराकडं वळल्याली दिसली," कोंडीबा म्हणाला, आणि पुढं बोलेना. बोळात कुणी जाईना.

"मग काच फोडा!"

"भाभी, मोटार कुणा सायबाची असली म्हंजे? उद्या पोलीस आपल्याच दारात यायचा."

पोर रडायची थांबली. तिची मान एका बाजूला कलली. ते पाहून फरीदा धावत घरात गेली, खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली. पोर पुढं होती म्हणून तिनं मागची काच फोडली, हात घालून दाराची कडी काढली आणि बाक ओलांडून पोरीला बाहेर ओढलं. अंग नुसतं भाजत होतं. दुकानाच्या पायरीवर तिनं पोरीच्या डोक्यावर, मानेवर ओला पदर धरला, ओठांना पाणी लावलं. पोरीनं डोळे किलकिले केले आणि बारीक आवाजात रडली. ते रडणं ऐकून कोंडीबानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

आवाजानं मिशाळ गडी पळत आला. "काच कुणी फोडली रं?" म्हणून ओरडला, आणि फरीदाच्या मांडीवरची पोर बघून जागीच थिजला. मागून बायको आली. "बनी!" म्हणून झेपावली, आणि हातभर अंतरावर थबकली. दोन्ही हात पाठीमागं नेले. डोळ्यांतून धारा, पण पोरीला शिवेना.

फरीदाला काही उमगेना. "आवं, आई हायसा न्हवं तुमी? घ्या की लेकराला!"

"कशी घिऊ, बाई? माझ्या आईला देवी आल्यात. आत्ता तिला पाणी पाजून आले. आमास्नी देवी टोचल्याल्या हायती. बनीला बी टोचल्या हुत्या, पर लागल्या न्हाईत. म्हणून तर घरात न्हेली न्हाई." ती अंबूबाई होती, मनुबाईची लेक. साताऱ्याहून आली होती. "नुसतं तोंड बघून यायचं हुतं. आईनं हात धरला, सोडंना. कसा सोडवू?"

बोळात कुणी का जात नव्हतं, ते फरीदाला आता कळलं.

"मग माझ्यापाशी ठेवायची की. मी समोरच हुते."

"आई हितं नवीच ऱ्हायला आल्याली, आमच्या वळखीचं कोण न्हाई. कुणाला म्हणायचं, लेकरू सांभाळा?"

तिचा नवरा लालासाहेब काचांकडं बघत उभा होता. "हिनं मला म्हटलं हुतं, कुणापाशी तरी ठेवू. मीच म्हटलं, मोटारीवानी राखण न्हाई. कोण पळवणार न्हाई, पोर पडणार न्हाई." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मिसरात, वाळवंटात लढाईला हुतो. उन्हातल्या गाडीच्या लोखंडानं माणसाचं कातडं निघताना बघितलंय. मला ठावं हुतं. तरी डोक्यात आलं न्हाई."



फरीदानं परसात पाणी तापवलं, अंबूबाईला आपलं एक लुगडं काढून दिलं, कोंडीबानं लालासाहेबाला धोतर आणून दिलं. दोघांनी राख लावून हातपाय घासले, अंघोळी केल्या. अंगावरचे कपडे कोंडीबानं काठीनं उचलून उकळत्या पाण्यात टाकले. तोवर बनी फरीदाच्या हातातल्या बांगड्या मोजल्यासारखं करत पडली होती. मग अंबूबाईनं लेकीला उराशी घेतलं ते बराच वेळ सोडलंच नाही.

निघताना तिचं पाऊल घुटमळलं. आई अजून बोळात एकटीच होती.

"मनुबाईला पेज कोण देतं?" फरीदानं विचारलं.

"शेजारीण उंबऱ्यावर ठिऊन जाती."

"मला लहानपणी देवी येऊन गेल्यात, पुन्यांदा यायच्या न्हाईत," फरीदा म्हणाली, आणि गालावरचे वण तिला दाखवले. "मी जाईन आत. पर म्हातारी चिडकी हाय का, ते आधी सांगा."

अंबूबाई त्या दुपारी पहिल्यांदाच हसली. "लय चिडकी हाय," ती म्हणाली.