भावना पोचेपर्यंत

कलावतीने दारामागचा झाडू उचलला, तसा गोपीनाथने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा जागेवर आडवा ठेवला.

"राहू दे वहिनी. भावना अजून पोचली नाही."

"कालचे पोहे पायाला चिकटतायत, भाऊजी."

"चिकटू देत."

काल संध्याकाळी त्याची मुलगी मोहने गावातल्या या घरातून विमानतळाकडे निघाली. मुंबई ते मेलबर्न, दहा हजार किलोमीटरच्या आसपास, बारा तास. मोबाइलवर त्याने दोनदा वाचलं होतं. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, हा त्याच्या बायकोचा, जयाचा नियम. तो नुसता खडवलीला बहिणीकडे गेला तरी ती झाडूला हात लावायची नाही. जयाचं दिवसकार्य उरकून गेलेली भावना वर्षाने पहिल्यांदाच येऊन परत चालली होती.

"जया असताना हसायचात," शेजारची कलावती म्हणाली. "आता तिच्यावर कडी केलीत."

दुपारी जावयाचा मेसेज आला. विमान उतरलं होतं.

"आता तरी?"

"ते विमानाचं झालं. ती घरात शिरू दे."

कलावती हसली आणि घरून मेथीची जुडी आणून निवडायला बसली. गोपीनाथने चहा केला. कप तिच्यापुढे ठेवून तो खाटेवर बसला. 

"जयाला नेलं, तेव्हा मात्र तुम्ही लगेच झाडलंत," तो म्हणाला.

स्मशानातून परतला तेव्हा बाहेरची खोली ओली, स्वच्छ होती. जया जाताच घर झाडलं, हे त्याला लागलं होतं. वर्षभर तो हे कुणाला बोलला नव्हता.

कलावतीचा हात थांबला.

"झाडावंच लागतं, भाऊजी. माणूस नेलं की झाडून धुवायचं. मी बाहेरची खोली धुतली. स्वयंपाकघराला हात नाही लावला."

"का?"

"भावना विमानात होती ना. जयाने मला परत घरात घेतलं नसतं."

जयाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावना आली होती, बापाच्या गळ्यात पडून रडली होती. तेव्हा स्वयंपाकघरातून झाडूचा आवाज येत होता. कुणाला एवढी घाई झालीय, म्हणून तो मनात चिडला होता. ते त्याला आत्ता आठवलं. त्याने चहा संपवला.

मेथी निवडून झाली तरी फोन नव्हता. कलावती देठं गोळा करत असताना तो वाजला.

"बाबा, पोचले. आत्ता चप्पल काढली. केर तसाच ना?"

"तसाच आहे. आता काढतो."

फोन ठेवून त्याने झाडू उचलला. कलावतीने हात पुढे केला, तेव्हा तो त्याने तिच्या हातात दिला.

"आधी स्वयंपाकघर घ्या, वहिनी," तो म्हणाला, आणि जया झाडायची तेव्हा बसायचा तसा पाय वर घेऊन खाटेवर बसला.