साडेपाच किलोत मावेल तेवढं

घडीबाईचं वजन छप्पन्न किलो, आणि त्याचा दहावा हिस्सा म्हणजे साडेपाच किलो आणि वर चिमूटभर. यात्रेला नेणाऱ्या ड्रिलबाईंचा नियमच होता तसा. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं पाठीवर घ्यायचं नाही. "देवाला तुमचं सामान नकोय, तुम्ही हवे आहात," असं त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, आणि बाराही जणांकडे अशा नजरेनं पाहिलं की हूं की चूं करायची कुणाची छाती झाली नाही. तीस वर्षं शाळेत पोरांकडून कवायत करून घेतलेली बाई ती.

डोंगरावरच्या तीर्थापर्यंत एकोणतीस दिवसांची वाट होती. रोज वीस-बावीस किलोमीटर चालायचं आणि मिळेल त्या धर्मशाळेत, नाहीतर शाळेच्या वर्गात पथारी टाकायची.

घडीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दवाखान्यातल्या कपड्यांच्या खोलीत तिनं चौतीस वर्षं काढली होती. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे मोजायचे, फाटकं बाजूला काढायचं, बाकीच्यांच्या घड्या घालून फळीवर थप्प्या रचायच्या. तिच्या थप्पीची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ असायची. कुठल्याशा डॉक्टरनं गमतीनं नाव ठेवलं ते चिकटलं. त्यात नवरा निघाला घड्याळजी, मग लोकांना आयतंच सापडलं. ही घड्या घालते, तो घड्याळं लावतो, संसार मात्र वेळेवर चालतो, असं म्हणायचे.

त्या कपड्यांच्या खोलीला हमरस्त्यावर उघडणारी एक खिडकी होती. वर्षातून एकदा, थंडी ओसरली की पाठीवर पिशव्या घेतलेले यात्रेकरू तिथून जायचे. हातातली चादर तशीच धरून ती बघत उभी राहायची. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून जायचं, हे कधीचं ठरलेलं होतं. पण मागच्या वर्षी घड्याळजींच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवाव्या लागल्या. स्प्रिंगा हा त्यांचा शब्द, डॉक्टर स्टेंट म्हणत होते. सपाटीवर पाहिजे तेवढं हिंडा, डोंगर मात्र विसरा, असा हुकूम झाला. मग मीही जात नाही, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी घड्याळजी दुकान बंद करून ड्रिलबाईंकडे गेले आणि तिचं एकटीचं नाव देऊन आले.

आता चौतीस वर्षं जिनं प्रत्येक खाटेमागे तीन चादरी धरल्या, एक खाटेवर, एक धुण्यात, एक फळीवर, ती साडेपाच किलोत काय भरणार? पहिल्यांदा भरलेली पिशवी शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्याला अडकवली, तेव्हा काटा सव्वाअकरावर जाऊन थांबला.

"काकू, यात्रेला चाललात की कायमच्या माहेरी?" रद्दीवाल्यानं विचारलं.

त्याच संध्याकाळी ड्रिलबाई घरी आल्या. चहा घेतला आणि पिशवी पलंगावर उपडी केली. मग एकेक वस्तू हातात धरून विचारायला लागल्या, ही कधी लागेल? उत्तर 'समजा'नं सुरू झालं की वस्तू बाहेर. समजा कुणी आजारी पडलं, समजा कपडे वाळलेच नाहीत, समजा कुणाच्या घरी जायची वेळ आली. समजा-समजा करत पलंगाच्या दुसऱ्या टोकाला हा ढीग साचला. कपड्यांचे दोन जोड राहिले, एक अंगावर आणि एक दोरीवर. जाड घोंगडीच्या जागी पातळ शाल आली. साबणाची वडी सुरीनं अर्धी केली. छत्री गेली, रेनकोट राहिला. घड्याळजी दारात उभे राहून बघत होते. प्रत्येक वस्तू बाहेर पडली की त्यांचा चेहरा आणखी थोडा उतरत होता, पण घडीबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती स्वतःच रडकुंडीला आली होती. शेवटी काटा पाच किलो चारशेवर थांबला आणि ड्रिलबाईंनी पिशवीचा बंद स्वतःच्या हातानं ओढून बांधला.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. सकाळी पाठीवर पिशवी घेऊन तळ्याला दोन फेऱ्या मारायच्या आणि घरी यायचं. चालणं तिला जड गेलं नाही. जड जात होतं ते चालणं संपल्यावरचं. निघायचा दिवस जवळ येत चालला तशी भूक मेली. शेगडीसमोर उभी असतानाच दूध उतू जायला लागलं. पायाला सूज आली तर? आपण मागे पडलो आणि बाकीचे पुढे निघून गेले तर? लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत बाळंतपण सोडलं तर ती या घराबाहेर आठवडाभरही राहिली नव्हती.

ड्रिलबाईंना तिनं हळूच विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की भीतीला काम द्यायचं. पावलं मोजायची, शंभर झाली की पुन्हा एकपासून. तिनं मोजून पाहिलं. साठाच्या आसपास गॅस बंद केला की नाही ते आठवायचं, आणि पुन्हा एकपासून.

घरात मात्र ती यातलं अक्षर बोलली नाही. नवऱ्याच्या कानावर गेलं तर ते म्हणतील, राहू दे मग. आणि आपण तेवढ्याचसाठी टपून बसलो आहोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यातच पिशवीनं घोळ घातला. सरावाच्या तिसऱ्या दिवशी खांदा दुखायला लागला म्हणून तिनं ती काट्याला लावली, तर पाच किलो नऊशे. एक गोष्ट जास्तीची घातली नव्हती. दोन दिवसांनी सहा तीनशे.

"असं बघू नका माझ्याकडे," रद्दीवाला म्हणाला. "मी काटा मारतो, पण विकत घेताना. यात्रेकरूंचा नाही मारत."

घडीबाई घाबरली. आपणच काहीतरी भरतो आणि विसरतो की काय? ज्या बाईला फळीवरच्या चारशे चादरींचा हिशेब तोंडपाठ असायचा, तिची ही गत. दुपारी घड्याळजी दुकानात गेल्यावर तिनं पिशवी पलंगावर रिकामी केली आणि सगळ्या घड्या उलगडल्या. मोज्यांच्या गुंडाळीत बॅटरी सापडली, सेल नवे कोरे. रेनकोटाच्या आत नायलॉनच्या दोरीचं बंडल होतं. बाजूच्या कप्प्यात मलमाची डबी, पट्ट्या आणि पत्र्याची शिट्टी. आणि शालीच्या अगदी मधोमध, टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून दोनदा गुंडाळलेलं, गजराचं छोटं घड्याळ.

ती पलंगाच्या कडेला टेकली. शालीची घडी तिच्याच पद्धतीची होती, पण कोपरे काही जुळले नव्हते.

दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. घड्याळजी एकटेच होते, डोळ्याला भिंग आणि चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरचा नियम. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि पदार्थ वाढावेत तशा एकेक वस्तू काउंटरवर मांडत गेली. त्यांनी मान वर केली नाही, पण चिमटा हवेतच थांबला.

"दोरी कशाला?" तिनं विचारलं.

"कपडे वाळत घालायला."

"वीस हात?"

"झाडं लांब लांब असली तर."

"आणि शिट्टी?"

"वाट चुकलीस, मागे पडलीस, तर. तुझा आवाज लांब जात नाही."

"तुम्हाला तर सदतीस वर्षं चांगला ऐकू आला."

ते हसले नाहीत. चिमटा खाली ठेवला, भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता.

"तू चालत असशील," ते म्हणाले. "रोज नवं गाव, नवी माणसं. संध्याकाळी पाय दुखतील, दुसरं काही सुचायचं नाही. मी इथं बसून काय करू? ही आता कुठं असेल, एवढंच डोक्यात. मग हात शिवशिवतात. काहीतरी पिशवीत ठेवतो. ठेवलं की तासभर बरं वाटतं."

"असं होतं तर माझं नाव कशाला दिलंत?"

"दवाखान्यात तुझा डबा द्यायला यायचो ना मी. तू खिडकीत उभी असायचीस, ती माणसं जाताना. मी मागे येऊन उभा राहिलो तरी तुला कळायचं नाही. दोनदा तर मी डबा टेबलावर ठेवून तसाच परत आलोय."

तिला हे माहीत नव्हतं. टेबलावर डबा दिसला की तिला वाटायचं, शिपायानं आणून ठेवला. ती काउंटरवरच्या शिट्टीशी चाळा करत राहिली.

"मलाही भीती वाटते हो," ती म्हणाली. "जेवण जात नाही. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं तुम्ही नको जाऊस म्हणाल."

"म्हटलं असतं तर?"

"लगेच राहिले असते."

"म्हणून तर नाही म्हटलं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक घड्याळाचा पट्टा बदलायला आलं. घड्याळजींनी घसा खाकरून पट्ट्यांचा खोका पुढे केला. गिऱ्हाइकानं आधी काळा, मग तपकिरी, मग पुन्हा काळा बघितला, आणि दोघं नवरा-बायको जणू पट्ट्याच्या रंगावाचून जगात दुसरं काही महत्त्वाचं नाही असे त्याच्याकडे बघत राहिले. तो गेल्यावर घड्याळजींनी स्वतःच बॅटरी, दोरी, शिट्टी आणि गजराचं घड्याळ खणात टाकलं. मलमाची डबी हातात घेऊन जरा घुटमळले. ती तिनं जखमेच्या पट्ट्यांसकट काढून घेतली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. पायाला फोड येणारच होते, त्याला 'समजा' लागत नाही.

त्या दिवसापासून तिची तयारी पालटली. आपल्या पिशवीला तिनं हात लावला नाही, घड्याळजींच्या एकोणतीस दिवसांना लावला. मीठ कुठं, साखर कुठं, हे डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून लिहिलं. तरीही हटकून एकदा चहात मीठ पडेल, असं भाकीतही केलं. भाताला पाणी किती, हे त्यांना बोटाच्या पेरानं मोजायला शिकवलं. तर त्यांनी ते पट्टीनं मोजून मिलिमीटरमध्ये वहीत लिहून घेतलं. गोळ्या सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. मुलीनं परगावाहून रोज सकाळी फोन करायचा, आणि गोळी घेतली का असं थेट विचारायचं नाही, दुसरं काहीतरी विचारून काढून घ्यायचं, हेही ठरलं.

चादरीपाशी मात्र अडलं. आजवर मोठ्या चादरीची घडी दोघांनी मिळूनच घातली होती. एकानं या टोकाला दोन कोपरे धरायचे, दुसऱ्यानं त्या टोकाला, आणि चालत चालत एकमेकांपाशी यायचं. एकट्यानं कशी करायची, हे ती त्यांना दाखवत होती. मधला भाग हनुवटीखाली दाबायचा, हात लांब करायचे, कोपरे जुळवायचे. त्यांची चादर पहिल्यांदा डोक्यावर आली. दुसऱ्यांदा जमिनीवर गेली. तिसऱ्यांदा जमली, जरा फुगीर.

"दवाखान्यात चालली नसती," ती म्हणाली.

"इथं कोण तपासायला येतंय?" ते म्हणाले आणि चादर पलंगावर ठेवून तिच्याकडे पाठ करून बराच वेळ त्या चादरीवरून हात फिरवत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशीच्या सरावाला ते बरोबर आले. तळ्यापर्यंत सपाट रस्ता, तेवढ्याला डॉक्टरांची ना नव्हती. घराच्या पायरीवरच त्यांनी पिशवी मागितली आणि स्वतःच्या पाठीवर चढवली. ती नको नको म्हणत होती, त्या दिवशी सरावाला आलेल्या ड्रिलबाईंनी डोळ्यानंच तिला गप्प केलं आणि आपली चाल त्यांच्याइतकी संथ केली. आयुष्यात पहिल्यांदाच ड्रिलबाई कुणाच्या मागून चालल्या असतील. अर्ध्या फेरीनंतर घड्याळजी थांबले, खांदे हलवून पाहिले, दोन-तीनदा जागच्या जागी वरखाली झाले. इतके दिवस ते पिशवी हातानं उचलून बघत होते. पाठीवर घेतली नव्हती.

"हे काहीच नाही गं," ते म्हणाले. "हे तू नेशील."

आणि गंमत अशी, की इतके दिवस स्वतःला, ड्रिलबाईंना आणि देवाला विचारून जे तिला पटलं नव्हतं, ते तेवढ्यानं पटलं. घरी येऊन ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी निघाली. घड्याळजी कोपऱ्यापर्यंत आले. रद्दीवालाही आला होता. तो हात हलवत राहिला, घड्याळजींनी मात्र हात हलवला नाही, नुसते उभे राहिले. तिनं मागे वळून एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं असतं तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी एकवीस किलोमीटर झाले. तिसऱ्या प्रहरी तळपायाला फोड आला, ड्रिलबाईंनी तो सुईनं फोडून पट्टी बांधली. मुक्काम एका शाळेच्या वर्गात होता. संध्याकाळी सातला, बादलीतल्या गरम पाण्यात पाय सोडून, भिंतीला पाठ टेकून तिनं घरी फोन लावला. घड्याळजींनी पहिल्याच घंटेला उचलला. भात करपला होता, पण खालचाच. दुपारी रद्दीवाला येऊन बसला, उठायचं नावच घेईना. एका म्हातारबुवांनी तीस वर्षं बंद पडलेलं घड्याळ आणलं होतं, ते कसं उघडलं, आत काय सापडलं, हे ते तपशीलवार सांगायला लागले. ती हूं हूं करत होती. मग हूं लांब लांब पडायला लागले.

मग फोनवर ड्रिलबाईंचा आवाज आला.

"झोपल्या त्या."

"बसल्या बसल्या?"

"बादलीत पाय ठेवून."

"घोरतेय का?" घड्याळजींनी विचारलं.

ड्रिलबाईंनी फोन घडीबाईच्या तोंडाजवळ धरला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"मग ठीक आहे," घड्याळजी म्हणाले. "पाय तेवढे पुसा तिचे." आणि फोन ठेवला.