चाकाखालची पट्टी

पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये रस्त्याची एक पट्टी बांधलेली होती, आणि तिच्यावरून ट्रकच्या वजनाचं एक चाक दिवसभर पुढे-मागे फिरायचं. वर्षानुवर्षांची रहदारी त्या पट्टीने एकाच हंगामात सोसावी, असा त्यामागचा हिशेब होता. चाक चालवायचा तो तिथे नोंदी ठेवणाऱ्या बाईचा नवरा. डांबराखाली पुरलेले सेन्सर प्रत्येक दाबाला काय सांगतात ते संगणकावर उतरवून घ्यायचं आणि जपून ठेवायचं, हे तिचं काम. दोघांमध्ये काचेची भिंत होती, आणि बोलणंही कामापुरतंच उरलं होतं. त्यांची लहानगी लेक तापात गेली तेव्हा आई इथेच, याच पडद्यासमोर बसलेली होती. "तुला तुझे आकडे पुरेत," एवढंच तो तेव्हा बोलला होता, आणि ते त्याने कधी मागे घेतलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत चाक उभं असताना पडद्यावरची रेघ सरळ असायला हवी. एका दुपारी ती हलली. दाब अगदी हलका, लहान पावलांसारखा, अडखळत या टोकाकडून त्या टोकाकडे गेलेला. मांजर असेल म्हणून तिने जाऊन पाहिलं, तर पट्टी रिकामी. तिने तारा बदलल्या, सेन्सर तपासले. साहेबांनी तर न बघताच सांगितलं, की असला कचरा पुसून टाकायचा. तिने तो पुसला नाही. रोजचा रोज वेगळा साठवत गेली, आणि म्हणूनच तिच्या ध्यानात आलं, की दाब वाढतोय, पावलांमधलं अंतरही वाढतंय. काही दिवसांत ती पावलं पळू लागली. मग पळायची थांबली आणि भरल्या अंगाच्या बाईसारखी सावकाश चालू लागली. डबा तसाच ठेवून ती पडद्याला डोळे लावून बसायची. तिला त्यात सुख वाटायचं.

पुढे पावलं घासत चालायला लागली, दर दोन पावलांमागे एक बारीक ठिपका उमटायला लागला, तेव्हा पट्टीबरोबर पावलंही म्हातारी होताहेत हे कळून ती काचेपलीकडे गेली. चाक थोडे दिवस बंद ठेवा, एवढंच तिने सांगितलं. त्याने कारणही विचारलं नाही. पट्टी फुटेपर्यंत चालवायचा हुकूम आहे म्हणाला, आणि चाक सोडलं.

पट्टीला आरपार तडा गेला त्या दिवशी दुपारची रेघ सरळच राहिली. संध्याकाळी घरी दोघं समोरासमोर जेवत होती.

"शेवटी काठी घेतली होती तिने," ताटातून मान वर न करता तो म्हणाला.

तिचा घास हातातच राहिला. साठवलेलं तिने कुणालाही दाखवलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं? मग थांबवलं का नाहीत?"

"ती तापात होती तेव्हा तू आली होतीस का उठून?"

जुनी पट्टी उखडून तिथे नवी घातली गेली. पहिल्या दिवशी चाक अजून वर टांगलेलंच होतं. काचेपलीकडून, बटणावर हात ठेवून, तो तिच्याकडे बघत होता. तिने संगणक सुरू केला.

रेघ हलली. चार इवले दाब, दोन पुढे, दोन मागे, रांगत पट्टीच्या मध्यावर आले. ती पडद्याला डोळे लावून बसूनच राहिली.

त्याने चाक खाली सोडलं.